कडबोळ्याच्या पाटीपाशी डावीकडे

माझी शाळा चौथीपर्यंत. जसं बोलते तसंच लिहिते, चुका निघतील तर निघू देत. मुलीनं वही आणून दिली आणि म्हणाली, "आई, तू मला जे सांगितलंस ना, ते लिहून ठेव. हिला पुढं कळेल." हिला म्हणजे माझ्या नातीला. तिला मराठी वाचता येत नाही. पण ठेवते लिहून.

माझ्या मुलानं जर्मनीतून पाठवलेलं एक पत्र मला तोंडपाठ आहे. निळं, विमानाचं. तिथं तो कारखान्यात मशीनचं काम शिकायला गेला होता. गेल्या गेल्या पहिल्याच थंडीत त्यानं लिहिलं होतं.

"आई, तू कधी आलीस तर अशी ये. स्टेशनातून बाहेर पड आणि सरळ चाल. जुन्या गावाची वेस लागेल, तिच्या खालून आत ये. आत मोटारी नसतात, घाबरू नकोस. चौकात कारंजं आहे, ते उजव्या हाताला ठेव. मग एक पावाचं दुकान लागेल, त्याच्यावर कडबोळ्याची पाटी टांगली आहे. खरंच कडबोळं, हसू नकोस. तिथं डावीकडे वळ. पुढं उतार आहे, दगड निसरडे असतात, जपून. उतार संपला की हिरव्या दाराचं घर. बेल मारू नकोस, हाक मार."

मी कशाला जाते जर्मनीला. मी नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होते. बायकांची बाळंतपणं, रक्ताचे बोळे, फिनेलच्या बादल्या, यात जन्म गेला. नवरा गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीनचा. त्याला दवाखान्याच्या जिन्याखाली गोधडीवर निजवून मी पाळी केलेली आहे. त्याचं रडणं आणि वॉर्डातल्या बाळांचं रडणं, मला झोपेतसुद्धा वेगळं ओळखू यायचं. असो.

मुलगी शिकली, लग्न करून अमेरिकेत आली, ॲन आर्बरला. मुलगा जर्मनीला गेला. लोक म्हणायचे, आयाबाईचं नशीब उघडलं.

दोन वर्षांनी तो रजेवर घरी आला. मी माझ्या भावाला शब्द दिला होता, तुझी मुलगी माझी सून म्हणून. साखरपुड्याचं पातळसुद्धा आणून ठेवलं होतं. हा म्हणाला, "मला विचारलंस का?"

मी म्हटलं, "तुला काय विचारायचं? लहानपणी तिच्याबरोबर भातुकली खेळलायस."

"म्हणूनच नको. आणि मला तिथं अजून दोन वर्षं राहायचंय. साहेब ठेवून घेतोय. तू हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. भाऊ दारात येऊन नाही नाही ते बोलून गेला. त्यानंतर आठ दिवस मी मुलाशी बोलले नाही. ताट वाढायची, बोलायची नाही. तो गमती करायचा. "वासर दे गं आई." तिकडं पाण्याला वासर म्हणतात म्हणे. मी तांब्या समोर आदळायची.

आपल्यात घराबाहेर पडताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि घरातलं माणूस म्हणतं, ये. एवढंसं पोर दुकानाला निघालं तरी हेच. हे कुणी शिकवावं लागत नाही.

निघायच्या दिवशी मी सुपात तांदूळ निवडत बसले होते. तो बॅग घेऊन पाया पडला. म्हणाला, "येतो, आई."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "जा."

तो उंबऱ्यात उभा राहिला. मला त्याच्या चपला दिसत होत्या, तेवढ्याच. मग त्या गेल्या.

आठ महिन्यांनी तार आली. सायकलवरून घरी येताना उतारावर बर्फात घसरला, डोकं दगडावर आपटलं. जावई अमेरिकेतून तिकडं गेले, तिथंच सगळं उरकलं आणि अस्थींचा डबा घेऊन माझ्याकडं आले. डबा आम्ही नदीत सोडला. मी रडले नाही असं लोक म्हणाले. खरं आहे. दवाखान्यात इतकी मरणं पाहिलेली की रडायचं कुठून सुरू करायचं तेच समजेना.

मी "जा" म्हटलं होतं हे मी कुणालाही सांगितलं नाही. मुलीलासुद्धा नाही.

दीड वर्षानं मुलीनं मला ॲन आर्बरला आणलं. ती आणि जावई दोघं नोकरीवर जायचे, नात सात वर्षांची, तिला बघायला कुणीतरी हवं. मी म्हटलं, चला. नऊवारीवर स्वेटर, त्यावर जावयांचा जुना कोट, पायात मोज्यांवर बूट. पहिल्या बर्फात नातीनं माझा हात धरून मला चालायला शिकवलं.

नातीची एक खोड होती. "डबा घेतलास का गं?" "या." "दात घासलेस?" "या." इंग्रजीतलं हो ते. मी म्हणायची, "या या काय करतेस? मी काय दारात उभी असलेली पाहुणी आहे? मोठ्या माणसाला हो म्हणावं."

ती म्हणायची, "ओके आजी." आणि पुन्हा, "या."

एकदा मुलीबरोबर बसनं गावात गेले होते. खिडकीतून बघते तर एका जुन्या विटांच्या दुकानावर लोखंडी दांड्याला मोठं सोनेरी कडबोळं टांगलेलं. मी उठून उभीच राहिले. बस चालू, मी पडणार होते. मुलगी म्हणाली, "आई, काय झालं? बस ना!"

"ते बघ, कडबोळं."

"बेकरी आहे ती. पूर्वी इथं जर्मन लोक येऊन राहिले, त्यांची जुनी दुकानं आहेत."

त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीजवळ एक गोष्ट मागितली. जन्मात पहिल्यांदा. "मला त्याच्या घरी घेऊन चल. त्याच्या दारात एकदा उभं राहायचंय."

"आई, तिथं आता काय आहे? दुसरं कुणी राहत असेल. तुला त्रास होईल."

"होऊ दे."

मला तिथं जाऊन त्याला एकदा "ये" म्हणायचं होतं. दुसरं काही नाही. त्याच्या दारात उभं राहून म्हटलं तर त्याच्यापर्यंत पोचेल असं डोक्यात बसलं होतं. वेडेपणा म्हणा. मुलीला हे बोलले नाही. तिनं दोनदा डेट्रॉइटला खेपा घातल्या, कागद केले, एप्रिलात रजा काढली. नात बापाजवळ राहिली.

विमान, मग आगगाडी. त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. दुपारी बारा-साडेबाराला स्टेशनात उतरलो. मुलीनं पर्समधून नकाशा काढला. मी तिच्यापुढं निघाले.

"आई, थांब, मॅप बघू दे. आपण टॅक्सी करू."

"टॅक्सी नको. सरळ चालायचंय."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

खरंच वेस होती. दगडी, उंच, वर कौलारू मनोरा आणि घड्याळ. तिच्या खालून गेलो आणि मोटारींचा आवाज मागं राहिला. आत रस्ते अरुंद. दगड असे बसवलेले की वाटावं नुकतीच जात्याला टाकी लावलीय. बूट घातलेले तरी पायाला लागत होते. घरं एकमेकांना टेकून उभी. भिंतींत काळ्या लाकडांच्या आडव्या-तिरप्या चौकटी, मधे पांढरा चुना, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा पुढं आलेला. दोन्ही बाजूंच्या बायकांनी खिडकीतून हात लांब केला तर मिठाची वाटी द्यावी एवढंच अंतर. मला वाटलं, बरं झालं, तो एकटा नव्हता, घरं तरी जवळजवळ होती.

लोक माझ्या नऊवारीकडं बघायचे. मीही त्यांच्याकडं बघत होते. यांच्यापैकी कुणी त्याला रोज बघत असेल. या दुकानातून त्यानं साबण घेतला असेल. या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधली असेल. एवढा एकच विचार होता, तो प्रत्येक पायरीला येत होता.

चौक लागला. कारंजं होतं, वर दगडी माणूस, हातात भाला. ते मी उजव्या हाताला ठेवलं. पुढं पावाचं दुकान आणि वर कडबोळं. मी डावीकडं वळले. मुलगी मागून, "आई, प्लीज, स्लो चाल ना."

पण उतार काही लागेना. गल्ली गेली ती एका देवळाच्या मागच्या भिंतीला. मी परत चौकात आले. बघते तर पलीकडच्या तोंडाला दुसरं दुकान, त्याच्यावरही कडबोळं! मुलगी म्हणाली, "अगं, इथं सगळ्याच बेकऱ्यांवर असतं ते. कुणी सांगितलं तुला असं यायला?"

"त्यानंच. पत्रात."

मग तिनं पत्ता लिहिलेला कागद कारंज्याजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवला. डोक्यावर टोपी, हातात भाजीची जाळी. त्यांनी कागद वाचला, मान हलवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "या, या!" आणि हात पुढं केला.

मी निघाले त्यांच्या मागं. मुलगी ओरडली, "आई, कुठं चाललीस?"

"अगं, ते बोलावतायत ना."

"बोलावत नाहीत! हो म्हणतायत. जर्मनमध्ये या म्हणजे हो. रस्ता दाखवला त्यांनी." आणि ती हसायला लागली. ते आजोबाही हसले आणि परत म्हणाले, "या, या." मुलगी इतकी हसली की कारंज्याच्या काठावर बसली. तिचा भाऊ गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग हसता हसताच तिनं डोळे पुसले.

"आपल्या घरची पण तशीच बोलते की," मी म्हटलं. नातीबद्दल.

"तेच आहे थोडंफार. फक्त इथं स्पेलिंग मजेशीर आहे. ते बघ." समोर दुकानाच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत दोनच अक्षरं होती. "जे आणि ए. आपण वाचलं तर काय वाचू? जा. पण हे लोक म्हणतात या."

मी त्या अक्षरांकडं बघत राहिले.

"काय झालं गं?"

"काही नाही. चल."

तिसऱ्या कडबोळ्यापाशी डावीकडे वळलो तेव्हा उतार लागला. मोठा नाही. घोडागाडी जाईल एवढा. दगड गुळगुळीत झालेले. मुलीनं माझा दंड धरला. आम्ही दोघी पायाखाली बघत चाललो होतो आणि दोघींनाही माहीत होतं का ते. कुठल्या दगडावर, ते जावयांना माहीत असेल, मी कधी विचारलं नाही. खाली हिरवं दार दिसत होतं. म्हणजे त्यालाही दिसत असणार.

बेल मारू नकोस, हाक मार, असं त्यानं लिहिलं होतं. मी दारापुढं उभी राहिले. शेवटी मुलीनं बेल मारली.

दार उघडलं ती घरमालकीण, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, काठी घेतलेली. मुलीनं पत्र पाठवून कळवलं होतं, तरी ती मला बघून दाराला धरूनच राहिली. मग म्हणाली, "या, या." या खेपेला मला माहीत होतं की ती हो म्हणतेय. तरी मी आत गेले.

ती इंग्रजी बोलायची. लढाईनंतर अमेरिकन सैनिकांच्या छावणीत तिनं कपडे धुतलेले, तिथं शिकली. ती मुलीशी बोलायची, मुलगी मला सांगायची. मी एकच विचारलं. "शुद्ध होती का त्याला?"

मुलगी म्हणाली, "आई, नको ना."

"विचार."

नव्हती. म्हातारीनं आवाज ऐकला, बाहेर धावली, तोवर संपलं होतं. मी मान हलवली. बरं, एवढं तरी.

खोली माडीवर. आता तिथं एक शिकणारी मुलगी राहत होती, ती आम्हाला बघून पुस्तकं गोळा करून बाहेर जाऊन उभी राहिली. चांगली होती बिचारी. खाट, टेबल, खिडकी, लाकडी कपाट. खिडकीतून उतार दिसत होता. त्याचं म्हणून काही नव्हतं. माझ्या मनात होतं, सगळ्यांना बाहेर घालवावं आणि म्हणावं. पण म्हातारी काठी टेकत कपाटाकडं गेली, त्या मुलीचे कपडे बाजूला सारले आणि दाराची आतली बाजू मला दाखवली.

पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. एकीकडं त्यांची अक्षरं, एकीकडं आपली. पाणी. मीठ. दार. थंडी. आजी. त्याचं अक्षर, कान्याला शेपूट काढणारं. संध्याकाळी तो म्हातारीला आपले शब्द शिकवायचा, ती त्याला तिचे. मी बोट लावून वाचत खाली आले. सगळ्यात शेवटी त्यांची दोन अक्षरं होती, काचेवर होती तीच. आणि त्यांच्यासमोर आपलं एकच.

जा.

मी खाटेवर बसले. दुसऱ्याच्या खाटेवर, न विचारता.

"आई, बघ ना, मी सांगितलं तेच त्यानंही लिहिलंय!" मुलीला काय माहीत. मग माझं तोंड बघून ती खाली वाकली. "आई?"

मग मी तिला सांगितलं. सूप, तांदूळ, चपला, सगळं. जवळजवळ तीन वर्षं छातीत धरलेलं सांगायला किती वेळ लागला असेल? म्हातारी नुसती उभी होती, तिला मराठी कळत नव्हतं, पण ती समजली असावी. मुलगी रडत रडत तिला इंग्रजीतून काहीतरी म्हणाली. म्हातारी बराच वेळ बोलली. मुलगी एकेक वाक्य मला सांगत गेली.

तो शब्द त्यानं घरून परत आल्यावर लिहिला. म्हातारीनं विचारलं होतं, हा शब्द तुमच्याकडं पण आहे? तो म्हणाला होता, आहे, निघताना माझी आई मला हेच म्हणाली. म्हातारीला ठाऊक होतं की तो आईची परवानगी मागायला घरी गेलाय. म्हणून ती म्हणाली, म्हणजे आई हो म्हणाली तर! तो जरा थांबला. मग हसला आणि म्हणाला, "या."

"कळलं का, आई?" मुलगी माझे हात हलवत होती. "त्यानं तुझ्या जा चं हो केलं. त्याला राग नव्हता. हसला तो."

तो काय, कशालाही हसायचा. बाप गेला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्याखाली बसून तो मांजराच्या पिल्लाला हसत होता. त्याचं हसणं मी मोजत नाही. म्हातारी म्हणाली, तो जरा थांबला. मी तेवढं धरून बसले आहे. जरा म्हणजे किती? तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढं काय आलं? मी मान वर केली नाही, ते आलं असेल का? आणि परक्या म्हातारीपुढं आईचं नाव खाली पडू नये म्हणून तो हो म्हणाला असेल का? तो तसा होता. माझ्या भावानं दारात येऊन शिव्या दिल्या तेव्हाही हा त्याला पाणी द्यायला उठला होता.

निघताना म्हातारी दारापर्यंत आली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, तुटक, पण बरोबर. "येतो." माझ्या मुलानं शिकवलेलं. तिनं मुलीला सांगितलं, रोज सकाळी तो जिन्यावरून तिला म्हणायचा, आणि ती म्हणायची, "या." तिच्या भाषेत ती नुसतं हो म्हणत होती. पण त्याच्या कानावर रोज ते पडत होतं. मी नाही म्हटलं ते परक्या बाईनं आठ महिने रोज म्हटलं.

उतारावर मुलगी थांबली. "आई, तुला काही म्हणायचं होतं ना इथं? म्हण. मी पुढं जाऊन उभी राहते."

मी वर बघितलं, खाली बघितलं. एक बाई बाबागाडी ढकलत वर येत होती. दगडांवर चाकं खडखडत होती.

"काय म्हणू? ये म्हणून हाक मारली तर कुठून येईल तो?"

आम्ही दोघी वर चढलो. कारंजं आता डाव्या हाताला आलं. वेशीतून बाहेर पडलो आणि मोटारी सुरू झाल्या.

ॲन आर्बरला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नात शाळेला निघाली. बर्फ वितळून चिखल झाला होता. ती दप्तर अडकवत दारात उभी राहिली, "बाय, आजी." बसचा भोंगा वाजत होता. मुलगी आतून ओरडली, "जा लवकर, जा!" मी पोळपाटावरून उठले, पिठाच्या हातानंच दाराशी गेले आणि तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. पुढचा एक दात पडला होता, तो मी नव्हते तेव्हा पडला.

म्हटलं, "ये गं."

"या," ती म्हणाली आणि पळाली.

आता मी तिला टोकत नाही. बस वळेपर्यंत दारात उभी राहते. पोळी तव्यावर करपते कधीकधी. करपू दे.